भावी तहसीलदार मॅडमना

पोरी,

परवा कारखान्यात आलीस, स्टुलावर बसलीस. चहावर साय धरली तरी कप उचलला नाहीस. मग मोबाईल पुढं केलास. तुमच्या दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो, फळ्यावर रंगीत खडूनं अख्ख्या वर्गाची शेलापागोटी आणि तुझ्या नावापुढं 'भावी तहसीलदार मॅडम, सही आत्ताच घेऊन ठेवा'. कुणीतरी तो इतक्या वर्षांनी ग्रुपवर टाकला, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि तू ग्रुप सोडलास. "मुख्य परीक्षा दोनदा गेली काका. दमलो मी." पुण्यात चार वर्षं काढूनही 'दमलो'च म्हणालीस, 'दमले' नाही. त्या दिवशी तेवढंच काय ते बरं वाटलं.

तेव्हा बोलता आलं नाही, बँडसॉ चालू होता आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. म्हणून लिहितोय.

परीक्षा परत द्यायची का नाही, ते तुझं तू बघ. धीर धर, यश येईल, असलं सांगायला शिवाजी पेठेत दर कट्ट्यावर एक माणूस बसलेला आहे. मला एकच सांगायचंय. शेलापागोटं म्हणजे करारनामा नव्हे. सहलीची वर्गणी तुझ्याकडं असायची आणि तू कुणाला दोन रुपये सोडायची नाहीस, म्हणून पोरांनी तुला तहसीलदार केलं. तुझ्या पुढच्या तीस वर्षांचा विचार तिथं कुणी केला नव्हता. त्यांचं लक्ष समारंभानंतरच्या वड्याकडं होतं.

माझंच घे. १९८४ साली दहावीला माझं वजन ३८ किलो, म्हणून मी 'भावी हिंदकेसरी'. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आमच्या कोल्हापूरच्याच तालमीत घडले, आणि त्यांची गादी चालवायला मी! खासबागेच्या कुस्ती मैदानात जाऊन मी आजवर शेंगा खाल्ल्या, दुसरं काही केलं नाही. वाईट वाटलं का? मुळीच नाही. चेष्टा होती. करारनामा नव्हता.

आता तू म्हणशील, काका, तुमचं सोपं होतं. थांब जरा.

माझं तेवढं दुसऱ्यानं लिहिलं, बाकी सगळ्या वर्गाची शेलापागोटी लिहिणारा मीच. अक्षर बरं होतं. मागच्या बाकावर एक पोरगा बसायचा. त्याचे वडील गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचे, मोसमात पोरगंही रात्री तिथंच चिपाडाच्या ढिगाला टेकून झोपायचं. दप्तराला धुराचा वास. गणितात माझ्या पुढं, हेही सांगून टाकतो. त्याच्या नावापुढं मी लिहिलं, 'भावी गुळव्या, काकवीची ऑर्डर आजच नोंदवा'. वर्ग हसला. तोही हसला, आणि बाकीचे थांबले तरी हसत राहिला.

पुढं तो गुळव्याच झाला, गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा. आमच्या वर्गाचे तीन-चार मेळावे झाले, मी एकालाही गेलो नाही. कामं असतात. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी पेपरात वाचली तेव्हा पहिला तो आठवला. तरी फोन केला नाही.

मग एका मोसमात निरोप आला, अमुक गुऱ्हाळावर उसाच्या चरकाचं दातेरी चाक फुटलंय, नवं ओतायला लाकडी पॅटर्न पाहिजे, मापं घ्यायला या. गेलो. काहिलीजवळ तोच उभा. हातात लांब दांड्याचा फावडा, काहिलीकडं बघत. माझ्याकडं मान वळवली नाही, कारण पाक उतरायला आला होता आणि तेव्हा गुळव्या कुणाकडंच बघत नाही. थोडा पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी केली, ती टणकन वाजवली आणि "उतरवा" म्हणाला. चौघांनी काहील वाफ्यात रिकामी केली. आणखी थोडं थांबले असते तर गूळ लागला असता. ते त्याच्या एका शब्दावर होतं.

मग माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला. मी चाक मोजत होतो. वहीत डोकावून म्हणाला, "मोजतोस एक आन् लिवतोस जास्त?" मी सांगितलं, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा वाढवून करावा लागतो. तो जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, "मग शाळंत आम्हास्नी लिवलंस तवा वाढवून लिवलंवतंस, का कमी करून?"

काय सांगणार? सोळा वर्षांचा होतो मी. चेष्टा होती. त्याचे वडील वारले आणि अकरावी सुटली, त्यात माझ्या खडूचा काय दोष? खडू नसता तरी ते झालंच असतं. हे मी त्याला म्हणालो नाही, तुला म्हणतोय, कारण तुला ते कळायला पाहिजे. फळ्यावर लिहिलेल्या ओळीनं कुणी घडत नाही आणि कुणी बिघडत नाही! तुझ्या वर्गातल्या ज्या पोरानं तुला तहसीलदार केलं, तो कदाचित आज तुझ्यापेक्षा जास्त अवघडला असेल. तू ग्रुप सोडलेला त्यानं बघितलाय. त्याला फोन कर. काय बोलायचं ते मला विचारू नको, त्याच्या लग्नाचं विचार, त्याच्या म्हशीचं विचार. पण कर. आणि ग्रुपवर परत जा, उद्या-परवा नव्हे, हे पत्र खाली ठेवलंस की लगेच.

चाक बसलं. गुळव्यानं पैशाबरोबर एक ढेप पाठवली, ती अजून कारखान्यात कपाटावर आहे. मुंग्या लागू नयेत म्हणून खाली पाण्याची परात ठेवलीय, तुझ्या डोक्याजवळच होती, तुझं लक्ष नव्हतं.

आमच्या वर्गाचा मेळावा यंदा दिवाळीनंतर आहे. त्याचा दोनदा फोन येऊन गेला. बघू म्हटलंय. ऑर्डरी असतात त्या सुमाराला, पोरंही सुट्टीवर जातात. माझं वेगळं आहे.

तुझा,
काका