लिहायला शिकायचे तीस लाख?

"मॅडम, लिहायला ही पहिलीतच शिकली. आता त्याचेच परत तीस लाख भरायचे?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच वडिलांनी विचारलं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत; लिहायची परवानगी तिघांनीही दिली आहे.) शेजारी आई, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. टोकाच्या खुर्चीत तेवीस वर्षांची मुलगी, मोबाइलवर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर उघडून. क्रिएटिव्ह रायटिंगमध्ये एम. ए., एक वर्ष, फी २२,००० पौंड. पोरगी बी. एस्सी. ॲग्री. कीटकनाशकांच्या परवान्याला हल्ली त्या विषयाचं शिक्षण लागतं, म्हणून तिला शेतकीला घातलं होतं. पुढे परवाना तिच्या नावावर करायचा बेत होता. तिने परस्पर इंग्लंडला अर्ज टाकला.

करिअरचा सल्ला घ्यायला या विषयाचे पालक माझ्याकडे अधूनमधून येतात, आणि सगळ्यांचा वरवरचा प्रश्न एकच असतो: ही पदवी घेऊन पुढे काय? त्याच्या खाली दुसरा दडलेला असतो, की लिहिणं मुळात शिकवता येतं का. आपल्याकडे मुंबईचं जे. जे. १८५७ पासून चित्रकला शिकवतंय, गाणं शिकायला लोकांनी गुरूच्या घरी पाणी भरलंय, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. लेखकाने मात्र आईच्या पोटातूनच शिकून यायचं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात लेखनाची पदवी देणारी कार्यशाळा १९३६ पासून चालते, आणि गंमत म्हणजे लेखन शिकवता येत नाही हे तिथलेही लोक बऱ्याच अंशी मान्य करतात. अंगात असेल ते वाढवता येतं, एवढाच त्यांचा दावा. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने हा अभ्यासक्रम १९७० मध्ये सुरू केला. कादंबरीकार काझुओ इशिगुरो तिथून १९८० मध्ये शिकून बाहेर पडले, त्यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं.

मुलीला हे सगळं तोंडपाठ होतं. मी म्हटलं, "नोबेल बाबांपुढे नको काढूस. क्लासवाले राज्यात पहिल्या आलेल्याचा फोटो बोर्डावर लावतात ना, तसं आहे ते. बाकीच्या मुलांचं काय झालं ते बोर्डावर नसतं."

वडिलांच्या एका शिक्षक मित्राने त्यांना सांगितलं होतं की आपले दिलीप चित्रेही आयोवाला गेले होते. खरं आहे, १९७५ मध्ये गेले होते. पण तो आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम. तिथे आधीच लेखक असलेल्यांना बोलावतात, पदवीशी त्याचा संबंध नाही. हा घोळ बऱ्याच घरांत असतो.

मग आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. हिशेब मांडताना वडील एकदम सैल झाले, त्यांच्या प्रांतात आलो होतो आम्ही. फी, राहणं-खाणं, व्हिसा, विमान मिळून तीस लाख. एवढ्या कर्जाला बँक तारण मागणार, म्हणजे हायवेलगतचा प्लॉट. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता ३९,६०० च्या पुढे, शिकतानाचं व्याज वेगळं. समोर काय? मालिकांचे संवाद, जाहिराती, भाषांतर, सबटायटल, कंपन्यांचा मजकूर. कामं आहेत, पण त्यातल्या कुठल्याच कामाला ही पदवी कोणी विचारत नाही, लिहिलेलं दाखव म्हणतात. प्राध्यापकी म्हणाल तर त्यासाठीच्या नेट परीक्षेच्या विषयांच्या यादीत सर्जनशील लेखन हा स्वतंत्र विषयच नाही.

"म्हणजे नाहीच ना?" वडील.

"असं मी म्हटलेलं नाही."

इथे मला स्वतःचं एक सांगायला हवं. या कामात नवीन असताना असाच एक मुलगा आला होता. मी त्याला म्हणाले, आधी इंजिनिअरिंग कर, लिहिणं काय रात्रीही करता येतं. आईवडील खूश होऊन गेले. काही वर्षांनी तो भेटला. नोकरी उत्तम, लिहिणं बंद. "मॅडम, रात्री झोप येते," म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे, सहज. तेव्हापासून ते वाक्य मी वापरत नाही.

या पदवीत विकत मिळतो तो वेळ, आणि वाचणारी माणसं. दहा-बारा जण गोल बसतात. एकाची गोष्ट आठवडाभर आधी सगळ्यांना दिलेली असते. प्रत्येक जण ती वाचून, समासात खुणा करून येतो आणि मग तिच्यावर बोलतो. कुठे कंटाळा आला, कोण खरं वाटलं नाही, शेवट कुठे आधीच कळला. आयोवाच्या धर्तीच्या वर्गात तोवर लेखकाने तोंड उघडायचं नसतं. "तसं नव्हतं मला म्हणायचं" असं सांगायची सोय नाही, पुस्तक छापल्यावरही कुठे असते? दर आठवड्याला हे, वर सत्राअखेरीला हजारो शब्द जमा करायचे. ज्याला हे सोसतं त्याला अशा एका वर्षात पाच वर्षांचं मिळतं. न सोसणारा महागडं मौन घेऊन परत येतो.

म्हणून मी मुलीला विचारलं, "अर्जासोबत पाठवलेली गोष्ट आणलीस?"

आणली होती. गोष्ट तिच्या वडिलांच्या दुकानातली. मुळात मराठीत लिहिलेली, अर्जासाठी तिने स्वतःच इंग्रजीत केलेली. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. मी समीक्षक नाही, पण मराठी चांगली आहे का इंग्रजी, हे कळायला समीक्षक लागतही नाही. मराठी गोष्टीत उधारीची वही होती. गावात एकाच नावाची चार माणसं, म्हणून दुकानदार प्रत्येकापुढे कंसात खूण लिहितो: विहीरवाला, मोटर जळालेला, जावई पोलिसात, चहा न घेणारा. एका वर्षी एकाच्या पुढची खूण तो बदलतो, आणि त्या बदललेल्या दोन शब्दांत त्या घरात काय घडलं ते सगळं कळतं. इंग्रजीत वहीचं 'क्रेडिट रजिस्टर' झालं होतं, सगळे मामा-तात्या 'अंकल' झाले होते, आणि कंसातल्या खुणा गाळल्या होत्या.

"त्या का गाळल्यास?"

"त्यांना कळल्या नसत्या."

"मग तिथे जाऊन वर्षभर काय लिहिणार?"

ती गप्प. आई पहिल्यांदा बोलली, "मी हेच विचारत होते हिला, पण मला असं मांडता आलं नाही."

इंग्लंडच्या वर्गात लिहायचं ते इंग्रजीत. ज्यांचं मन दोन्ही भाषांत सारखं चालतं त्यांचा प्रश्न नाही. हिचं चालतं का, हे कुणालाच, अगदी तिलाही, ठाऊक नव्हतं. ऑफर लेटरवर निर्णयाची तारीख सात आठवड्यांनंतरची होती. मी तिला सहा आठवड्यांचं काम दिलं. दर रविवारी रात्री नऊच्या आत पाच नवी पानं मला पाठवायची, तीन रविवार मराठी, तीन इंग्रजी. चांगली असायलाच हवीत असं नाही. आणि उधारीची गोष्ट मैत्रिणी सोडून तीन माणसांना वाचायला द्यायची, समोर बसून वीस मिनिटं ते काय म्हणतात ते ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही.

सहापैकी चार रविवारी पानं आली. मराठीची तिन्ही, इंग्रजीचं एक. ते एक मात्र बरं होतं, कारण त्यात तिने खुणा गाळल्या नव्हत्या, 'मोटर जळालेला' जसाच्या तसा रोमन अक्षरांत ठेवून पुढे गेली होती. दोन रविवार चुकले तेव्हा तिने कारणं दिली नाहीत, "बसले होते, आलं नाही," एवढंच लिहिलं. मला ते आवडलं.

वाचणाऱ्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक निघाले. त्यांनी शुद्धलेखन तपासून दिलं. दुसरी कॉलेजातली ताई, ती म्हणाली की दुकानदार फारच देवमाणूस झालाय. हे ऐकून मुलगी दोन दिवस घुमी होती. मग तिने एक प्रसंग घातला, त्यात दुकानदार विधवा बाईला मुदत संपत आलेलं बियाणं देतो.

पर्यायांचं आम्ही फोनवरच बोललो. अमेरिकेत काही विद्यापीठांत याच विषयाच्या एम. एफ. ए.ला फी माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतनही मिळतं. दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम, जागा मोजक्या, आणि निवड मुख्यतः पाठवलेल्या लेखनावर. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात सर्जनशील लेखनाचं एम. ए. आहे, त्याला प्लॉट गहाण ठेवावा लागत नाही. घरबसल्या करायचं तर इग्नूची पदविका. आणि पडद्यासाठी लिहायचं असेल तर पुण्यातच एफ. टी. आय. आय. हे सगळं तिला गूगलवर सापडलं असतं, पण इंग्लंडचं लेटर हातात आलं की माणूस शोधायचं थांबतो.

सातव्या आठवड्यात तिघे परत आले. तिने विद्यापीठाला प्रवेश वर्षभर पुढे ढकलायची विनंती केली होती आणि त्यांनी ती मान्य केली होती. तोवर पुण्यात सबटायटलचं काम घ्यायचं, दिल्लीला आणि अमेरिकेत अर्ज करायचे, आणि दोन्ही भाषांत लिहीत राहायचं. वर्षाने इंग्रजी पानं इंग्लंडला जाण्याजोगी झाली तर प्लॉटचा विषय पुन्हा काढायचा, असं ठरलं. वडिलांनी 'पुन्हा काढू' म्हटलं, 'हो' म्हटलं नाही, हे मी नोंदवून ठेवलंय. परवान्याचं काय, हे त्या दिवशी कुणीच काढलं नाही.

तिसरा वाचक कोण, हे मी विचारलंच नव्हतं. वडिलांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेली पानं काढली. दुकानातल्या निळ्या पेनाने खुणा केलेल्या.

"मीच की. हिने वाचायला दिली." मग तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून, "दोन गोष्टी आहेत. एक, 'जावई पोलिसात' काढ म्हणावं, तो रोज दुकानात येतो. दुसरं, युरियाची गोणी पन्नास किलोची घातलीय. ती पंचेचाळीसची झाली २०१८ पासून."

"अहो बाबा, पण ही गोष्ट तर मी चौथीत असतानाची..."

मी बोट ओठांवर ठेवलं. वीस मिनिटं व्हायची होती अजून.

"चौथीतली असेल तर तसं साल घाल ना कुठेतरी," वडील पान उलटत म्हणाले. "वाचणाऱ्याला काय स्वप्न पडणार आहे?"