जागा आहे, तरी फाइल कॉपी होत नाही?

घाबरू नका, तुमची मूळ फाइल शाबूत आहे. पेनड्राइव्हवर जागा असूनही विंडोज 'फाइल फार मोठी आहे' म्हणतं, तेव्हा अडचण बहुधा फॉरमॅटची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीची असते. फॅट३२ नावाच्या फॉरमॅटमध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसतच नाही, ड्राइव्ह ३२ जीबीचा का असेना. ड्राइव्हवरचं सगळं आधी दुसरीकडे ठेवा, कारण फॉरमॅट केलं की ते पुसलं जातं. मग एक्सफॅट, म्हणजे मोठ्या फाइलीही घेणारा फॉरमॅट, निवडून ड्राइव्ह फॉरमॅट करा.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- कट-पेस्ट करणं. कॉपीच करा, नवी फाइल उघडून बघा, मगच जुनी काढा.
- मेसेज न वाचता 'स्किप' दाबणं. असेच लग्नाचे फोटो मागे राहतात, आणि कळतं फार उशिरा!

'फाइल वापरात आहे' आलं, तर ती जिथे उघडी आहे तो प्रोग्रॅम बंद करा. सध्या एवढं पुरे.