सेकंड लाइफमध्ये साडीचं डिझाइन चोरीला गेलं तर

तू विचारलंयस की सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगातली, तिथल्या अवतारांसाठी बनवलेली तुझी पैठणी नऊवारी नो-मॉडिफाय नो-ट्रान्सफर, म्हणजे घेणाऱ्याला बदलता किंवा दुसऱ्याला देता येणार नाही अशी परमिशन ठेवूनसुद्धा तिथल्या मार्केटप्लेसवर दुसऱ्याच्या नावाने अर्ध्या किमतीत कशी काय विकली जातेय. वाचून खरंच चीड आली गं, एकेक बुट्टा रात्र रात्र बसून तू काढायचा आणि पैसे त्याने खायचे.

परमिशनला दोष देऊ नकोस. साडी समोरच्याला दिसायची म्हणजे टेक्स्चर (वर चढवलेलं चित्र) आणि मेश (खालचा थ्रीडी आकार) त्याच्या कॉम्प्युटरवर उतरावंच लागतं, आणि एकदा तिथे आलं की उचलणारा उचलतो. 2006 च्या नोव्हेंबरात कॉपीबॉट हा वस्तूंची नक्कल करणारा प्रोग्रॅम आला तेव्हा निषेध म्हणून कित्येकांनी दुकानं बंद ठेवली होती, ते दुखणं अजून गेलेलं नाही.

पण आधी चोरीच आहे ना हे नीट बघ, इथे घाई नको. मेश तू फुल-पर्म (वापरून पुढे विकायच्या परवानगीसकट) विकत घेतलेली असशील तर तोच कट आणखी दहा दुकानांत रीतसर मिळू शकतो, आणि पदरावरचा मोर काही कुणाच्या बापाचा नाही, त्याने स्वतः काढला असेल तर तो त्याचाच. तुझं आहे ते तू रंगवलेलं टेक्स्चर. त्याचा डेमो घे, घालून कॅमेरा पार जवळ ने आणि निऱ्यांखालची बेक केलेली, म्हणजे टेक्स्चरमध्येच बसवलेली सावली बघ, काठ जुळतो तिथे तुझा ब्रश जरा घसरला असेल तर ती जागा बघ. तीच खोट त्याच जागी असेल तर विषय संपला. वस्तूच्या एडिट खिडकीत क्रिएटर म्हणून त्याचं नाव दिसलं तरी घाबरू नकोस, कॉपी परत अपलोड केली की अपलोड करणाऱ्याचंच नाव लागतं.

मग लेयरवाली मूळ फाइल, जुने स्क्रीनशॉट, लिस्टिंगची लिंक, सेकंड लाइफच्या आत त्याचं दुकान असेल तर रीजनचं (तिथल्या जमिनीच्या तुकड्याचं) नाव नि कोऑर्डिनेट्स असं सगळं एकत्र कर आणि सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅब कंपनीला डीएमसीए नोटीस, म्हणजे अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याखाली माल काढून टाकायची मागणी, पाठव. नुसत्या अब्यूज रिपोर्टने कॉपीराइटचं काम होत नाही. कायदा अमेरिकेचा असला तरी भारतात बसून नोटीस देता येते, फक्त खरं नाव, पत्ता, सही द्यावी लागते आणि ती माहिती समोरच्याकडे जाऊ शकते, हे मनाशी पक्कं करूनच पाठव. तो काउंटर नोटीस, म्हणजे माल चुकून काढला असं उत्तर, देऊ शकतो, मग तू कोर्टात गेली नाहीस तर 10 ते 14 कामाच्या दिवसांत माल परत लागू शकतो. पण त्यासाठी त्यालाही खरं नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि चोराला तेच नको असतं.

तोवर ग्रुपमध्ये त्याचं नाव घेऊन बोंब मारू नकोस, उलट तुझ्यावरच हरॅसमेंटचा रिपोर्ट व्हायचा. आणि पुढच्या साडीला निऱ्यांच्या आतल्या घडीत, कॅमेरा घुसवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, दुकानाचं नाव बारीक रंगवून ठेव. उचलणारा अख्खं टेक्स्चर उचलतो, सहसा तपासत बसत नाही.

नोटीसचा मसुदा झाला की नाव-पत्ता काढून मला पाठव, मी वाचून देते.