मुलगी आठवीत आहे, परिपाठात बातम्या वाचता वाचता निवेदिका व्हायचं म्हणते. कोणता कोर्स करावा?

कोर्सचं नंतर सांगते. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘उच्चार गावाकडचे म्हणून बाई हल्ली तिला माईक देत नाहीत.’ मला आधी त्यावर बोलायचंय, कारण माझाही माईक आठवीतच गेला.

सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव. आकाशवाणीचं सांगली केंद्र 1963 साली सुरू झालं, तेव्हापासून आजोबांचं घड्याळ म्हणजे रेडिओच. परिपाठात बाकीची मुलं पेपरातले मथळे वाचायची. मी सकाळी साडेआठच्या दिल्लीहून येणाऱ्या मराठी बातम्या ऐकत वहीत उतरवायचे. त्या वेगाने सगळं लिहून होत नाही, म्हणून फक्त नावं आणि आकडे टिपायचे आणि शाळेच्या वाटेवर वाक्यं जुळवायचे. पेपरातलं चार ओळींचं वाक्य मोठ्याने वाचताना दम लागतो, माझी वाक्यं आपोआप आखूड झाली. रेडिओसाठी लिहायचं ते असंच, हे मला फार वर्षांनी कळलं.

1994च्या पावसाळ्यात मी वाचलं, ‘कोयना धरणातला पानीसाठा वाढला.’ बाईंनी तिथेच थांबवलं. सगळ्या शाळेसमोर तीनदा ‘पाणी’ म्हणायला लावलं, तिन्ही वेळा माझ्या तोंडून ‘पानी’च आलं. ‘घरी चालतं हे, इथे नाही,’ असं म्हणून त्यांनी माईक दुसऱ्या मुलीच्या हातात दिला. दहावीपर्यंत तो माझ्याकडे परत आला नाही.

शाळा सुटल्यावर ॲम्प्लिफायर आवरायचं काम शिपाईमामांचं. ते रोज पाच मिनिटं तो चालू ठेवायचे, माझ्यासाठी. ‘प’ म्हटला की कर्ण्यातून फट्ट आवाज यायचा. मामा म्हणाले, ‘पोरी, तोंडासमोर नको धरूस, हनुवटीपाशी तिरका धर.’ पुढे आकाशवाणीच्या स्टुडिओत पहिल्याच दिवशी हेच सांगितलं गेलं, आणि मला ते येत होतं.

‘ण’ मात्र माझा मलाच सापडला. ‘न’ला जीभ वरच्या दातांमागे टेकते. ‘ण’ला टोक मागे वळवून टाळूला लावायचं, ‘ट-ठ-ड-ढ’ म्हणताना लागतं तिथेच. आरशासमोर बाण, लोणी, आठवण, पाणी. दीड महिना लागला. बाईंना हे दोन मिनिटांत दाखवता आलं असतं. शिकवायचं सोडून माईक काढून घेणं हा शिक्षकाचा आळस आहे, आणि तो अजून चालूच आहे हे तुमच्या प्रश्नात वाचून मला राग आला.

घरी मी आजही पानीच म्हणते, ड्यूटीवर पाणी. दोन्ही माझंच आहे. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला तर गावच्या बोलीत मोकळं बोलणारा माणूस शोधत फिरावं लागतं. मुलीची बोली पुसू नका.

आता कोर्स. दहावीनंतर लगेच कशालाच पैसे भरू नका. पंधरा पूर्ण झाली की आकाशवाणीच्या युववाणीत, म्हणजे तरुणांच्या कार्यक्रमात, भाग घेता येतो. म्हसवडचं माणदेशी तरंग किंवा पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी, अशी सामुदायिक रेडिओ केंद्रं जवळ असतील तर तिला घेऊन जा. कागद न वाजवता पान कसं सरकवायचं, ते तिथे पाहूनच कळतं. तिला बातम्याच आवडत असतील तर आरजेचा कोर्स तिच्यासाठी नाही, खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे कायम नोकरीवर नसलेला, ड्यूटीपुरता बोलावलेला निवेदक, व्हायला लेखी परीक्षा आणि स्वरचाचणी असते, त्यानंतर ‘वाणी’ नावाचं निवेदनाचं प्रशिक्षण. मी दुसऱ्या खेपेला पास झाले.

हे आधीच सांगायला हवं होतं: यावर घर चालत नाही. नैमित्तिक माणसाला महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या. मी शिकवण्या घेते. त्यामुळे पदवी नीट होऊ द्या.

आणि या आठवड्यात शाळेत जाऊन बाईंना भेटा. भांडू नका, पण तिची बातम्या वाचायची पाळी परत मागून घ्या. ‘ण’ येईपर्यंत थांब म्हणाल्या तर ऐकू नका. तोवर ‘पानी’ म्हणून वाचू दे.