'मला बोलला' आणि 'ला'चं मूळ

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलंय: 'मी त्याला सांगितलं' चालतं, मग 'मी त्याला बोललो' चूक कसं? दोन्हीकडे 'ला'च तर आहे.

चूकच आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसलं की तुर्भे येईस्तोवर दहादा कानावर पडतं, "मी तिला बोललो, उद्या ये." अहो, तिला सांगितलंत, नाहीतर तिच्याशी बोललात. 'तिला बोललो' म्हणजे तिला रागावलो! "साहेब मला बोलले" असं कुणी म्हणालं की जुना माणूस आधी विचारतो, "का, काय चुकलं तुझं?" इतकी नेमकी छटा आपण डोळ्यांदेखत घालवतोय.

सांगण्यात देवघेव असते. देणारा, दिलेली गोष्ट आणि घेणारा. घेणाऱ्याला पाणिनीने संप्रदान म्हटलं, 'कर्मणा यमभिप्रैति स संप्रदानम्', आणि त्याची विभक्ती चतुर्थी. त्या नावातच 'दा' धातू आहे. लॅटिन वैयाकरणांनी याच विभक्तीला 'दातीवुस' म्हटलं, तेही 'दारे' म्हणजे देणे यावरून, आणि 'दारे' हा आपल्या 'दा'चा सख्खा भाऊ. नुसत्या बोलण्यात द्यायला काही नसतं, सोबती लागतो. म्हणून तिथे 'शी'.

पण खरा आनंद 'ला'च्या पोटात आहे. संतवाङ्मयात 'मजलागीं', 'तुजलागीं' पावलोपावली भेटतं. हे 'लागीं' म्हणजे लग् धातू, चिकटणे, भिडणे. तेच झिजून 'ला' झालं, असं माझं ठाम मत आहे. आता 'मला भूक लागली' हे वाक्य पुन्हा म्हणून पाहा. 'मला'तला 'ला' आणि 'लागली', एकाच धातूची दोन रूपं एका वाक्याच्या दोन टोकांना उभी! आमच्या सोसायटीचा नेपाळी रखवालदार म्हणतो, "मलाई भोक लाग्यो." शब्दाला शब्द जुळतो. शिवाय नेपाळीत 'मेरो लागि' म्हणजे 'माझ्यासाठी', म्हणजे 'लाई'शेजारी 'लागि' आजही धडधाकट नांदतंय. यापेक्षा चांगला साक्षीदार कुठून आणायचा?

तरी काही विद्वान 'ला'चं मूळ 'लाभ' शब्दात शोधतात. मला ताप आला, मला ठेच लागली, यात कसला लाभ?

आणि शालेय व्याकरणं! द्वितीयेपुढे 'स, ला, ते', चतुर्थीपुढेही 'स, ला, ते', आणि मुलांनी दोन्ही घोकायचे. संस्कृतचा साचा मराठीवर बसवण्याचा हा हट्ट. 'आंबा खाल्ला' म्हणताना आपण आंब्याला प्रत्यय लावत नाही. 'मुलाला पाहिलं' म्हणताना लावतो, कारण तिथे जिवंत माणूस आहे. माझ्या मते 'ला' मुळात चतुर्थीचाच, कर्माने तो उसना घेतलाय.

'मला भूक लागली'मध्ये 'मला' हाच कर्ता असं शिकवणारेही भेटतात. मग क्रियापद 'लागली' का? कारण ते भुकेच्या लिंगाने चालतं. ताप असता तर 'आला' झालं असतं. भूक येते, भिडते, आणि ज्याला भिडते तो चतुर्थीत बसतो. जर्मन माणसाला थंडी वाजते तेव्हा तोही 'मिअर इस्ट काल्ट' म्हणतो, आणि त्यातला 'मिअर' म्हणजे 'मला', चतुर्थीच.