सिनिअरची फाईल उतरवू, की खरंच कृती संशोधन करू?

प्रश्न : मी नागपुरात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हिंगणा रोडवरच्या शाळेत इंटर्नशिप सुरू आहे, सहावीला गणित घेते. कॉलेजला कृती संशोधनाचा, म्हणजे वर्गातली एखादी अडचण शोधून, उपाय करून परिणाम तपासल्याचा, अहवाल द्यायचाय. सिनिअर म्हणतात, जुनी फाईल उतरव, कोणी वाचत नाही. नोकरीत याचा काही उपयोग होतो का? खरं करायचं तर कसं?

उत्तर : भरतीचं आधी सांगून टाकू. राज्यातली शिक्षक भरती होते त्या पवित्र पोर्टलवर कृती संशोधनाला गुण नाहीत. सहावी-आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागतेच आणि क्रम ठरतो अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर. तो अभ्यास वेगळा करा. फरक पडतो तो मुलाखतीत आणि पुढच्या नोकरीत. ‘वर्गात मुलं मागे पडली तर काय करता?’ या प्रश्नाला उतरवलेल्या फाईलमधून उत्तर देता येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत, आणि राज्याची शिक्षकांसाठी नवोपक्रम स्पर्धाही असते. या दोन्हींत हीच सवय कामी येते.

आता विषय. ‘गणितात रुची वाढवणे’ असा विषय घेतलात की अहवाल तिथेच फसला, कारण रुची मोजणार कशी? त्यापेक्षा ‘भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेतल्या चुका कमी करणे’ घ्या. एका तासिकेत होईल अशी १२ उदाहरणांची चाचणी काढा : चार समच्छेद, चार जिथे एक छेद दुसऱ्याच्या पटीत आहे, चार १/२ + १/३ सारखी. प्रत्येक प्रकारची चार हवीतच. एकाच उदाहरणावरून मूल कच्चं आहे की घाईत चुकलं, ते कळत नाही.

तपासताना गुण बाजूला ठेवा, चुका वेगळ्या करा. १/२ + १/३ मध्ये काही मुलं अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ लिहितील. काही छेद ६ करतील पण अंश तसेच ठेवून २/६ लिहितील. पहिल्या मुलांना अपूर्णांक म्हणजे दोन सुट्या संख्या वाटतात, दुसऱ्यांना रीत अर्धीच आठवते. उपायही म्हणून वेगळे. पहिल्यांना कागदाच्या पट्ट्या दुमडायला द्या आणि सोडवण्याआधी विचारा, ‘उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान?’ २/५ तर अर्ध्याहूनही लहान, मग अर्ध्यात काही मिळवून ते कसं आलं? हा अडखळा मुलाच्या लक्षात आला की पुढचं सोपं जातं. दुसऱ्यांना सममूल्य अपूर्णांकांचा सराव पुरेसा आहे.

हे उपाय आठवड्यातून चार दिवस, रोज १५ मिनिटं, चार आठवडे करा. रोज दोन ओळी लिहा : काय केलं, कोण गैरहजर. त्याच काळात वर्गशिक्षक याच घटकाचे जादा तास घेत असतील तर तेही नोंदवा, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते सांगता येणार नाही. उपाय न दिलेल्या मुलांचा वेगळा तुलना गट पाडायच्या भानगडीत पडू नका. एका वर्गात तो टिकत नाही.

उपायांनंतरच्या चाचणीत (उत्तरचाचणीत) आकडे बदला, काठिण्य तेच ठेवा. तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिलीत तर मुलं उत्तरं आठवतील. पोळा, तान्हा पोळा आणि मारबतीच्या आसपास चाचणी ठेवू नका, उपस्थिती घसरते. कच्ची मुलं त्या दिवशी आली नाहीत, तर वर्गाची सरासरी आपोआप वाढलेली दिसते. सरासरीवर भागवू नका, दोन्ही चाचण्या दिलेल्या प्रत्येक मुलाचं आधीचं-नंतरचं शेजारी मांडा. नावाऐवजी क्रमांक लिहा आणि मुख्याध्यापकांची परवानगी सुरुवातीलाच घ्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसरी छोटी चाचणी घ्या. काही मुलं पुन्हा २/५ वर आलेली दिसतील. ते झाकू नका. कोणती मुलं परत फिरली, पट्ट्यांशिवाय त्यांना किती येतं, आणि दुसऱ्या फेरीत तुम्ही काय बदलाल, हे अहवालात लिहा. मार्गदर्शक प्राध्यापकांनी तोंडी परीक्षेत अडवलं तर तेवढ्या पानावर बोलायची तयारी ठेवा.