सावंतवाडी–पिंगुळी कलाफेरीचा प्रचार करताना

सावंतवाडी ते पिंगुळी अशी कलाफेरी तुम्ही सुरू करत आहात, म्हणून अनुभवाने सांगतो की इन्स्टाग्रामवर पहिल्याच दिवशी राजवाड्याचे देखणे फोटो टाकण्याचा मोह आवरावा. सावंतवाडीच्या चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत, लाकडी फळांवर रंग चढत असताना, किंवा दशावतारी गंजिफांच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांच्या, १२० गोल पानांपैकी एखाद्यावर मत्स्यावतार रेखला जात असताना, कारागिराची परवानगी घेऊन कॅमेरा केवळ हातांवर स्थिर ठेवावा आणि तिथला मूळ आवाज तसाच राहू द्यावा. वरून चढवलेले संगीत मला तरी खटकते. पिंगुळीतील ठाकर समाजाची चित्रकथी दाखवताना मात्र नुसती चित्रे पुरत नाहीत, कारण ती कथा गाऊन सांगण्यासाठीच काढलेली असतात. तेव्हा गायनाचा तुकडा हवाच. प्रत्येक पोस्टमध्ये नकाशा, वेळ आणि कुडाळ स्थानकावरून कसे यावे हे लिहावे. एकदा मी वेळ लिहायला विसरलो आणि पुण्याहून आलेली मंडळी बंद दारावरून परतली. गणपतीला चाकरमानी गावी येतात. त्यांच्यासाठीचा मजकूर जुलैअखेरीसच तयार ठेवावा.